फोटोत नसलेलं टेकाड

वन्सं,

तुमचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि दुसऱ्याच दिवशी क्लबचा निरोप आला. सातव्या होलजवळचं टेकाड काढायचं की नाही, यावर रविवारी सभासदांची शेवटची बैठक. बहुमत झालं तर सोमवारी जेसीबी येणार. निरोप आपल्या दोघींच्या नावाने होता. सेक्रेटरी पाटणकरांना तुमचं नाव काढायचं सुचलं नसेल, किंवा धीर झाला नसेल.

ईरा आणि निखिल दोघंही मागे लागले आहेत, आत्याआजीबद्दल काहीतरी लिहून पाठव म्हणून. नात कॅनडात, नातू ऑस्ट्रेलियात. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र, पण या मागणीवर दोघांचं एकमत. तुमचा जन्म कुठे झाला, किती वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीत, हे त्यांना नको आहे. "ते बाबा सांगेल," ईरा म्हणाली. "तू तुमची भांडणं लिही." म्हणून हे त्यांच्यासाठी. पण तुमच्याविषयी त्यांना सांगायला बसले की माझी वाक्यं शाळेच्या वार्षिक अहवालासारखी होतात. तुमच्याशीच बोलायला लागले की जरा बरी येतात. तेव्हा पोरांनो, तुम्ही शेजारी बसून ऐका.

आधी जागा सांगते. जागा न सांगता भांडण सांगणं म्हणजे पाट न मांडता वाढायला घेणं, असं तुम्हीच म्हणायचात.

लोणावळ्याहून पुण्याकडे गाडी निघाली की मळवली यायच्या आधी उजव्या हाताला आपला गोल्फ कोर्स लागतो. नऊ होलचा, लहानसा. रेल्वेच्या गोऱ्या साहेबांनी आखलेला. रूळ त्याच्या उत्तरेच्या कडेने जातात आणि समोर, आग्नेयेला, लोहगड आणि विसापूर शेजारी शेजारी बसलेले. उजवा लोहगड, डावा विसापूर, मध्ये खिंड. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं की साहेबांनी ही जागा डोंगर पाहून निवडली. तुम्ही हसलात. म्हणालात, "साहेबाने काही निवडलं नाही. सपाट होतं ते रुळांनी घेतलं, पाणी होतं ते भाताने घेतलं. राहिला तो उतार. त्यावर चेंडू घरंगळतो, म्हणून त्याला खेळ म्हणायचं."

पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी मी. गोल्फ मला पुस्तकांतून माहीत होता, आणि त्या पुस्तकांत आगगाडी कुठेच नव्हती. इथे चौथ्या होलवर काठी उचलली की गाडी यायची. जुन्या सभासदांचा नियम तुम्हीच मला शिकवलात. मालगाडी असेल तर थांबायचं, कारण ती संपता संपत नाही आणि तेवढ्यात गप्पा होतात. पॅसेंजर असेल तर मात्र खेळायचं, कारण खिडक्यांतून लोक बघत असतात आणि त्यांना निराश करू नये. पदर खोचून मी पहिला फटका मारला तेव्हा नेमकी पॅसेंजर होती. चेंडू जागेवरच राहिला, मातीचं ढेकूळ उडालं. खिडकीतल्या एका बाईने हात हलवला. तुम्ही म्हणालात, "लाटणं धरतेस तशी नको धरू. केरसुणी धरतेस तशी धर. आणि तिला हात कर, तिने तिकीट काढलंय."

तुमचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे हे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते म्हणून आपल्याला सभासदत्व मिळालं. त्यांनी स्वतः काठी हातात धरली नाही. ते गेल्यानंतर घरात आपण दोघीच राहिलो. लोक विचारायचे, नणंद-भावजयीचं पटतं का? मी सांगायचे, पटत नाही, म्हणून तर करमतं.

आता फोटोकडे येते.

क्लबहाउसमध्ये चहाच्या टेबलावर तो टांगलेला आहे. कोणी काढला, केव्हा काढला, मागे काहीच लिहिलेलं नाही. सातव्या होलचा फोटो. तेव्हा ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या सपाट गोलावर, गवत नव्हतं, तेल घातलेल्या वाळूचा काळपट गोल असे. तो गोल मधोमध, त्यात निशाणाची काठी, आणि ती काठी बरोबर लोहगड-विसापूरच्या खिंडीत रोवल्यासारखी. जणू देवळाच्या दोन खांबांमध्ये समई ठेवावी तशी. खालच्या कोपऱ्यात थोडी खडी आणि रुळाचा एक तुकडा. म्हणजे फोटो गाडीतून किंवा रुळांशेजारून काढलेला, यात कोणालाच कधी शंका आली नाही. आमच्याकडे रूळ म्हणजे एकच.

ईरा, निखिल, मुद्दा असा होता की हे दृश्य आज गाडीतून दिसत नाही. गाडी लोणावळ्याहून निघते, आणि खिंड आणि निशाण एका रेषेत यायला हवं तिथेच नेमकं ते टेकाड आडवं येतं. करवंदाच्या जाळ्यांनी भरलेलं, दोन माणसं एकावर एक उभी राहतील इतकं उंच. गाडी त्याच्या पुढे सरकली की निशाण दिसतं खरं, पण तोवर ते लोहगडाच्या पोटाखाली गेलेलं असतं. आणि फोटोत टेकाडाचा पत्ता नाही.

यावरून पाटणकरांनी अनुमान काढलं की टेकाड नंतरचं आहे. कधीतरी रुळांचं काम झालं असेल, तेव्हा उपसलेली माती आणून टाकली असेल. ते काढलं तर साहेबाच्या काळचं दृश्य परत मिळेल. गाडीतल्या माणसाला कोर्स दिसेल, कोर्सची कीर्ती होईल, नवे सभासद येतील. मला ते अगदी तर्कशुद्ध वाटलं. प्रस्तावाचा इंग्रजी मसुदा मीच करून दिला. 'ऐतिहासिक दृश्याची पुनःस्थापना' हे शीर्षकही माझंच.

तुम्ही तो मसुदा वाचलात, चष्मा काढलात आणि म्हणालात, "टेकाड जुनं आहे."

"मग फोटोत का नाही?"

"ते मला माहीत नाही. पण हा फोटो गाडीतून काढलेला नाही."

"कोपऱ्यात रूळ आहे, वन्सं."

"रूळ असू दे. ग्रीन कशी दिसतेय बघ. ताटासारखी. ताट कधी ताट दिसतं? आपण उभं राहून वाढत असतो तेव्हा. मांडी घालून समोरच्याचं ताट बघितलंस तर नुसती कड दिसते."

"चित्रकलेचे तास आता पुरे."

"तू पुराव्याची बाई. पुरावा दिला तर म्हणतेस तास पुरे."

मग मी म्हणाले, टेकाडावर बसायची तुमची सवय आहे, म्हणून तुम्हाला ते राहायला हवं. संध्याकाळी तुम्ही तिथे जाऊन बसत असा, हे सगळ्या क्लबला माहीत होतं. एरवी मला लगेच उलटून बोलणाऱ्या तुम्ही, तेव्हा चष्मा परत डोळ्यांवर चढवलात. "असेल," म्हणालात. "पण तेवढंच नाही."

तेवढंच नाही म्हणजे आणखी काय, ते मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. त्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि आपण पानं घेतली. पुढे तुमचा ताप, मग दवाखाना. तिथेही एकदा विचारलंत, "टेकाडाचं काय झालं?" मी म्हटलं, बैठक व्हायची आहे अजून. "मग बरं," म्हणालात, आणि नर्सला तिच्या मोगऱ्याच्या गजऱ्याचा भाव विचारू लागलात.

आता रविवारी मला मत द्यायचं होतं. तुम्ही असतात तर मी प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला असता, तुम्ही विरुद्ध केला असतात, आणि येताना एकाच रिक्षातून घरी आलो असतो. तुमच्यामागे तसा हात वर करणं मला जड वाटायला लागलं. नुसतं तुम्ही गेलात म्हणून विरुद्ध मत देणं त्याहून वाईट. ते तुम्हालाच आवडलं नसतं. दुखवटा म्हणून मिळालेलं मत तुम्ही परत केलं असतंत. राहिला एकच मार्ग. जाऊन बघणं.

गुरुवारी दुपारी मी लोणावळ्याहून पुण्याची लोकल धरली. उजवीकडची खिडकी घेतली. डबा निम्मा रिकामा होता. समोर कामशेतला जाणारं एक जोडपं, त्यांच्या मध्ये कोथिंबिरीची जुडी. मी मोबाइलवर फोटोचा फोटो उघडून ठेवला. निखिलने तो मोठा करून पाठवला होता, कडा स्वच्छ करून.

"काय बघता आजी?" त्या बाईने विचारलं.

"टेकाड."

"कसलं?"

"येईल आता."

ती पण बघायला लागली. नवराही वाकला. गाडी जरा हळू होती. आधी कोर्सचं कुंपण, मग टेकाडाची हिरवी पाठ, सगळं झाकून टाकणारी. मग टेकाड मागे सरलं आणि निशाण दिसलं. लोहगडाखाली. पण मी निशाणाकडे बघत नव्हते. मी ग्रीन शोधत होते, आणि मला ती सापडेना. एक हिरवी रेघ होती, भाकरीच्या कडेएवढी. तेवढ्यात ती गेली.

"दिसलं का?" बाईने विचारलं.

"टेकाड दिसलं. ताट नाही दिसलं."

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नवरा म्हणाला, "डबा आणलाय का आजी? आमच्याकडं चपात्या हायेत." मी म्हटलं, जेवून निघालेय. बाईने तरी एक केळं हातात ठेवलंच.

मळवलीला उतरून मी बाकावर बसले आणि ते केळं खात विचार केला. इतक्या वर्षांत मी हजारदा त्या मार्गाने गेले असेन. चिंचवडच्या शाळेत नोकरी होती तेव्हा तर रोज, जाता आणि येता. आणि मला कधी लक्षात आलं नाही की रूळ तिथे खाली आहेत आणि कोर्स वर. घाट चढून आलेली गाडी म्हणजे उंचावरून जाणारी गाडी, अशी आपली मनाची समजूत. प्रत्यक्षात त्या जागी रुळांसाठी उतार थोडा कोरून काढला आहे. गाडीतला माणूस कोर्सकडे खालून बघतो. टेकाड सोमवारी पाडलं असतं, तरी गाडीतल्या माणसाला खिंडीखाली निशाणाची काठी दिसली असती, आणि तिच्या बुडाशी भाकरीची कड. फोटोतलं ताट त्याला कधीच दिसलं नसतं.

म्हणजे फोटो गाडीतून काढलेला नाही, हे तुमचं बरोबर होतं. पण मग तो रूळ कुठला?

शुक्रवारी सकाळी कोर्सवर गेले. नामदेवभाऊ सातव्यावर पाणी मारत होते. पोरांनो, हे आपले गवताचे मुकादम, टाकवे बुद्रुकचे. तुम्ही लहान असताना तुम्हाला गवत कापायच्या ट्रॅक्टरवर बसवायचे ते.

"भाऊ, मला टेकाडावर जायचंय."

त्यांनी माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "बाई, तितं करवंदी हाय नुसती."

"तुम्ही हात द्या."

"देतो की. पन वर काय हाय?"

"तेच बघायचंय. टेकाड कोणी घातलं, तुम्हाला काय वाटतं?"

"सायबानं. आमचा आज्जा सांगायचा. मडमेची घोडी गाडीला बिथरायची. म्हनून सायबानं आडोसा घातला. लय लाड मडमेचे."

"आणि मडम?"

"तिला काय, ती घोडीवर बसतच न्हवती म्हनं. सायबालाच दिसायचं न्हाई घरी काय चाललंय ते."

वन्सं, तुम्ही असतात तर पुढचा अर्धा तास त्या मडमेत गेला असता. मी मात्र चढायला लागले. नामदेवभाऊ पुढे, कोयत्याने जाळी बाजूला करत, मी त्यांच्या खांद्याला धरून. चढताना एक गोष्ट जाणवली. दोन्ही बाजूंचा उतार सारखा होता. आपल्या मावळातलं कोणतंही टेकाड असं नसतं. ती एका अंगाने कलतात, पावसाने खाल्लेली असतात, मध्येच कातळ वर येतो. हे मात्र जसं काही ओळंबा लावून केलं होतं. वर पोचले तर माथा सपाट आणि अरुंद. बैलगाडी जाईल एवढा.

काठीने गवत खरवडलं. खाली माती होती बोटभर. तिच्याखाली खडी. काळ्या दगडाची, धारदार कडांची, सगळी एका मापाची. नामदेवभाऊंनी कोयत्याने आणखी थोडं उकरलं. खडीच.

"ही तर रुळाखालची," ते म्हणाले.

"हो ना."

"मग घोडी?"

"घोडी असेलही बिचारी."

मी उभी राहून दोन्हीकडे बघितलं. एका टोकाला, खाली, रूळ. दुसऱ्या टोकाला, भाताच्या खाचरांच्या पलीकडे, खाणीचं तळं, ज्यात म्हशी डुंबतात. ती खाण खडीची, हे कोणाला माहीत नाही? त्या खाणीतली खडी रुळांकडे कशी जात असेल, हा प्रश्न मात्र आजवर कोणाला पडला नव्हता. मलाही नाही. खाणीपासून मुख्य मार्गापर्यंत रुळांचा एक फाटा असणार, आणि फाट्यासाठी भराव. खाण संपली तेव्हा रूळ उचलले. भरावाची माती मग ज्याला लागली त्याने नेली, कोणी बांधाला, कोणी घराच्या जोत्याला. कोर्सच्या हद्दीत होता तेवढा तुकडा राहिला. त्यावर करवंदं उगवली आणि त्याचं टेकाड झालं.

मग मी ग्रीनकडे वळले. मोबाइल वर धरला.

खाली सातवी ग्रीन, गोल, पूर्ण, वाढायला घेतलेल्या ताटासारखी. मधोमध निशाण. आणि निशाणाच्या बरोबर मागे, लोहगड आणि विसापूर यांच्या मधली खिंड.

आपण ज्याच्यावर उभे असतो ते आपल्या फोटोत येत नाही; आलाच तर कोपऱ्यात त्या फाट्याचा एखादा रूळ. एवढी साधी गोष्ट. क्लबातले सगळे शिकलेले लोक त्या फोटोखाली बसून इतकी वर्षं चहा प्यायलो, आणि आमचा सगळ्यात भक्कम पुरावा हा, की फोटोत टेकाड दिसत नाही.

मला हसू आलं आणि लगेच वाटलं, घरी जाऊन तुम्हाला सांगावं. जिना चढतानाच सांगायला सुरुवात करावी. तुम्ही "मी म्हणत होते" म्हणाला नसतात. तो तुमचा स्वभाव नव्हता. तुम्ही म्हणाला असतात, "मग मसुदा?" मी ते तिथेच मोठ्याने म्हणून बघितलं. मग मसुदा? नामदेवभाऊंना वाटलं त्यांना विचारतेय. म्हणाले, "व्हय, व्हईल की."

मी फोटो काढून पोरांना पाठवला. त्यात माझा अंगठा आला होता. निखिलने जुन्यावर तो बसवून परत पाठवला, अंगठा कापून. डोंगराची रेघ डोंगराच्या रेघेवर, काठीवर काठी.

रविवारच्या बैठकीचं फार लिहीत नाही. तुम्हाला बैठकांचा कंटाळा. मी उभी राहिले आणि सांगितलं की मी केलेला मसुदा मला मागे घ्यायचा आहे. पाटणकर म्हणाले, "बाई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो." मी म्हटलं, भावनांचं नंतर बघू, आधी वर चला. थोडी कुरकुर झाली. एकाने विचारलं, चहा आधी की नंतर? पाटणकर निघाले तशी बाकीचे निघाले. नामदेवभाऊंनी जाळी कापून पायवाट केलेलीच होती. सगळे सत्तरीचे, एकमेकांचे हात धरून त्या भरावावर चढले. पाटणकरांनी बुटाने खडी उकरली, एक तुकडा उचलला, हातात फिरवला.

"म्हणजे दृश्य परत आणण्यासाठी आपण दृश्यच खणून काढणार होतो," ते म्हणाले.

"आणि त्याचं बिल भरणार होतो," मागून कोणीतरी म्हणालं.

मत घ्यावंच लागलं नाही. तिथूनच पाटणकरांनी फोन करून जेसीबी नको म्हणून कळवलं.

तुम्हाला नक्की काय माहीत होतं, वन्सं? हे मला आता सुचतं आहे आणि याचं उत्तर मिळणार नाही. तुम्ही रोज त्या खडीवर बसत होतात. ताटाची गोष्ट तुम्हाला दिसली होती. मग तुम्ही तिथे बसून कधी समोर बघितलंत नाही का? एकदा जरी बघितलं असतं, तर खिंडीतलं निशाण तुमच्या डोळ्यांतून सुटलं नसतं. तुम्ही घरी येऊन मला हाताला धरून वर नेलं असतंत. की माहीत असून सांगितलं नाहीत, मी स्वतः चढावं म्हणून? शाळेत तुम्ही असंच करायचात असं तुमच्या विद्यार्थिनी सांगतात. उलटसुलट विचार करून बघितला, दोन्ही बसतं आणि दोन्ही बसत नाही.

याचं थोडंसं उत्तर परवा मिळालं, मी न विचारता. क्लबने ठरवलं की टेकाडावर तुमच्या नावाचं एक बाक ठेवायचं. नामदेवभाऊ घरी आले, सिमेंटचं बाक आलंय, पाया घालायचाय, तोंड कुठं करू विचारायला. पाटणकरांनी सांगितलं होतं, अर्थातच ग्रीनकडे, फोटोतलं दृश्य दिसेल असं.

"मग तसंच करा," मी म्हटलं.

ते उंबऱ्यापाशीच घुटमळले. "करतो. पन आत्याबाई तशा कदी बसल्या न्हाईत."

"कशा बसायच्या?"

"ग्रीनकडं पाठ करून. रुळाकडं तोंड. आमी हसायचो, म्हनायचो आत्याबाई खेळ सोडून मालगाडीचे डबे मोजत्यात."

त्यांना म्हटलं, एक दिवस थांबा. संध्याकाळी मी एकटी वर गेले. आता वाट आहे, काठी पुरते. कोर्सकडे पाठ करून खडीवर रुमाल टाकून बसले. तिथून रूळ फार लांबवर दिसतात. उजवीकडे मळवलीचं वळण आहे, तिथे गाडी डोंगराआडून बाहेर येते आणि मग बराच वेळ, सबंध, डब्या-डब्याने दिसत राहते. पुण्याहून येणारी लोकल. मी चिंचवडहून जिने यायचे ती याच सुमाराची.

वन्सं, मी पुराव्याची बाई, म्हणून करून बघितलं. गाडी वळणावर दिसताच उठले. माझ्या आजच्या चालीने नाही, तुमच्या तेव्हाच्या चालीने येता येईल तितकं भरभर कोर्सच्या मागच्या फाटकातून गल्लीत आले, घरात शिरले, पायही न धुता चहाचं आधण ठेवलं. गाडी स्टेशनात जायला लागतो तो वेळ, उतरून पूल चढायचा वेळ, टांगेवाल्याशी घासाघीस करायचा वेळ, आणि तिथून घरापर्यंत. पाणी उकळायला लागलं तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून फाटकाकडे बघितलं. बरोबर त्या क्षणी, त्या लोकलने आले असते तर, मी तिथे पोचायला हवं होतं.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी दार उघडून आत आले की आधण उकळत असायचं. गाडी वेळेवर असो की उशिरा, पावसाळ्यात तास तास रखडलेली असो. मला वाटायचं, तुमची शाळा सकाळची, दुपारनंतर तुम्ही घरात, तुमचा चहाचा नाद. मी एकदा तसं बोललेही होते चारचौघांत. तुम्ही मान हलवून "नाद आहे खरा" म्हणाला होतात.

असेलही नाद. किंवा मालगाडीचे डबे मोजत असाल. मी काही मसुदा करत नाही याचा.

आज सकाळी नामदेवभाऊंना निरोप पाठवला आहे, बाकाचं तोंड रुळांकडे करा. पाटणकर विचारतील, सगळ्या गोल्फ कोर्सवर हे एकच बाक उलटं कसं? विचारू देत. ईरा, निखिल, तुम्ही याल तेव्हा पुण्याहून लोकलनेच या, आणि मळवली सोडल्यावर डाव्या खिडकीपाशी उभे राहा. मी वर बसलेली असेन. तुम्ही दिसलात की उठेन.